धूळपाटी ते उपग्रह : भावी शिक्षकाची कसोटी

अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या आयुष्यात सराव पाठाचा पहिला दिवस विसरता न येण्याजोगा असतो. पाठटाचण वहीत नीट उतरविलेले असते, वर्गाच्या शेवटच्या बाकावर निरीक्षण करणारे अध्यापक येऊन बसलेले असतात, आणि समोर चाळीस-पन्नास मुलांचे डोळे त्या नवख्या चेहऱ्यावर खिळलेले असतात. पूर्वी अशा वेळी हातात खडू असे आणि फार तर गुंडाळलेला नकाशा असे. आज त्याच हातात संगणकाची कळ असते व भिंतीवर पडदा असतो. आदल्या रात्री जागून चित्रे आणि चित्रफिती जुळविलेल्या असतात. आणि नेमक्या त्याच घटकेला वीज जाते, किंवा पडद्यावर काही केल्या चित्र उमटत नाही. क्षणभर वर्ग स्तब्ध होतो. त्या क्षणी त्या भावी शिक्षकाजवळ उरते तेच त्याचे खरे भांडवल असते.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. हा तरुण यंत्राला अपरिचित असतो असे नाही. भ्रमणध्वनी त्याच्या हाती लहानपणापासून खेळत आलेला असतो. निरोप, हिशेब, गाणी, प्रवासाचे तिकीट, सारे काही तो त्या लहानशा पेटीतून सहज उरकतो. परंतु नित्याच्या जीवनात यंत्र वापरता येणे आणि ते शिकविण्याच्या कामी लावता येणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट सवयीने येते. दुसरीसाठी मुलाच्या मनाची ओळख व्हावी लागते. हा भेद अलीकडच्या यंत्रांनी निर्माण केला असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो दोनशे वर्षांहून अधिक जुना असून त्याचे दोन मोठे प्रयोग भारताच्याच भूमीवर झालेले आहेत. पहिल्या प्रयोगाचे साधन होते मूठभर वाळू, आणि दुसऱ्याचे होते पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह.

पहिल्या प्रयोगाचा प्रारंभ मद्रास येथे झाला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी १७५३ साली जन्मलेले डॉ. अँड्र्यू बेल हे धर्मोपदेशक १७८७ साली मद्रासला आले, आणि १७८९ साली तेथील एग्मोरच्या लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमशाळेची देखरेख त्यांनी आपल्याकडे घेतली. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या सैनिकांची, बहुधा भारतीय मातांच्या पोटी जन्मलेली मुले तेथे राहत. मुले पुष्कळ, शिक्षक थोडे, आणि जे होते तेही कामाला कंटाळलेले, अशी त्या शाळेची अवस्था होती.

एके दिवशी सकाळी घोड्यावरून फेरफटका मारीत असता बेल यांना एक देशी शाळा दिसली. तिला ते मलबारी शाळा म्हणतात. कारण त्या काळचे इंग्रज तमिळ लोकांनाही मलबारी म्हणूनच ओळखीत. मुले जमिनीवर बसून पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत होती. अक्षर चुकले की हात फिरवावा आणि पुन्हा लिहावे. कागद नको, शाई नको, टाक नको. आणि चुकल्याचा डागही मागे राहावयाचा नाही. बेल यांच्या मनात एकदम प्रकाश पडला. शाळेत परतताच त्यांनी तळच्या वर्गाच्या शिक्षकाला याच रीतीने मुळाक्षरे शिकविण्याची आज्ञा केली. त्या शिक्षकाने मात्र हे होणे शक्य नाही असे साफ सांगितले.

शिक्षकाच्या या नकाराकडे केवळ आळस म्हणून पाहता येणार नाही. जी वस्तू शेजारच्या गल्लीतील पोरांच्या रोजच्या व्यवहारातली होती ती त्या वर्गाच्या भिंतीआड परकी होती, आणि परक्या साधनासमोर माणूस प्रथम आपली अब्रू सांभाळतो. बेल यांनी वाद घातला नाही. त्यांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या, एका साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाला निवडले आणि तो वर्ग त्याच्या हवाली केला. मोठ्यांना जे अशक्य वाटले ते या मुलाने करून दाखविले. लवकरच त्या शाळेत वरच्या मुलांनी खालच्या मुलांना शिकविण्याची पद्धती रूढ झाली. आठ वर्षांचा हा फ्रिस्केन म्हणजे शैक्षणिक इतिहासातील एक अत्यंत तरुण भावी शिक्षक होय.

आता, मुलांनी मुलांना शिकविणे किंवा धुळीत अक्षरे काढणे यात भारतीय मनाला नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेत धूळपाटी हेच पहिले पुस्तक असे. लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरावयाची, तीवर काडीने अक्षर उमटवावयाचे, आणि पाटी हलवून पुन्हा कोरी करावयाची. धुळाक्षरे गिरविणे हा शब्दप्रयोग मराठीत प्राथमिक शिक्षणाचाच पर्याय होऊन बसला तो त्यामुळेच. संध्याकाळी परवचा म्हणताना एक मोठा मुलगा पुढे होऊन पावकी, निमकी, पाऊणकी सांगे आणि बाकीची मुले एका सुरात ती उचलीत. पंतोजींची छडी कठोर होती, पाठांतराचा भार जबर होता, आणि त्या शाळेचे दार समाजातील फार थोड्यांनाच उघडे होते. या उणिवा झाकण्याचे कारण नाही. परंतु तेथे साधन गावच्या मातीतून आलेले होते, आणि प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाई, एवढे त्या व्यवस्थेच्या पदरी टाकले पाहिजे.

बेल १७९६ साली मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मद्रासच्या या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या सुमारास इंग्लंडात कारखान्यांची शहरे वाढत होती आणि गरिबांची मुले रस्त्यावर वाढत होती. जोसेफ लँकेस्टर या क्वेकर पंथाच्या विशीतल्या तरुणाने लंडनच्या दक्षिणेस साऊथवर्क भागात १७९८ साली अशाच मुलांसाठी शाळा काढली. त्याची आणि बेल यांची पद्धती एकमेकांशी मिळतीजुळती होती, आणि तिचा मूळ शोध कोणाचा यावरून दोघांच्या अनुयायांत पुढे मोठा कलह माजला. त्या कलहात मद्रासच्या वाळूत अक्षरे गिरविणाऱ्या अनाम मुलांची आठवण कोणाला राहिली नाही.

लँकेस्टरने या पद्धतीचे एक प्रचंड यंत्रच बनविले. एका विशाल खोलीत बाकांच्या रांगा, प्रत्येक रांगेवर एक मॉनिटर. अगदी लहान मुलांच्या पुढ्यात वाळू, त्यांच्याहून मोठ्यांच्या हाती दगडी पाटी, आणि भिंतीवर टांगलेले मोठ्या अक्षरांचे तक्ते, ज्यामुळे एक पुस्तक शंभर मुलांना पुरे. हुकूम सुटताच शेकडो पाट्या एकदम वर उचलल्या जात आणि मॉनिटर त्या तपाशीत पुढे सरकत. अशा व्यवस्थेत एकच शिक्षक हजार मुलांना शिकवू शकेल असा लँकेस्टरचा दावा होता. खर्च इतका कमी की परोपकारी धनिकांना आणि राज्यकर्त्यांना मोह पडल्यावाचून राहिला नाही. अमेरिकेपासून रशियापर्यंत ही पद्धती पसरली, आणि १८२० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातील नव्या शाळांसाठीही तिचा पुरस्कार झाला. देशी शाळेतून गेलेली धूळ अशा रीतीने इंग्रजी शोधाचा शिक्का घेऊन देशी शाळेकडे परत आली.

परंतु वाटेत त्या धुळीतून काहीतरी गळून पडले होते. मॉनिटर जे स्वतः कालपरवा शिकला तेवढेच तो सांगू शके. मुलाने वेगळा प्रश्न विचारला की त्याची गाडी अडे. अक्षर वळणदार झाले की नाही हे त्याला दिसे. अर्थ कळला की नाही हे पाहण्यास त्याला कोणी शिकविलेच नव्हते. शिस्त मोडणाऱ्या मुलाच्या गळ्यात ओंडका अडकविणे किंवा त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे, असल्या शिक्षा लँकेस्टरच्या शाळेत चालत. जेथे माणसाला यंत्राचा भाग केले जाते तेथे माणुसकी प्रथम झिजते याचे हे उदाहरण होय. हळूहळू इंग्लंडातील विचारी लोकांना उमगले की स्वस्त साधनाने शाळा भरते, पण शिक्षण होत नाही. १८४६ साली तेथील सरकारने मॉनिटरच्या जागी उमेदवार शिक्षकाची योजना आणली. तेरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली पाच वर्षे उमेदवारी करावी, स्वतःचा अभ्यास चालू ठेवावा, आणि मगच अध्यापक विद्यालयाची पायरी चढावी, असे त्या योजनेचे स्वरूप होते.

मुंबईतही याच सुमारास त्याच निष्कर्षाकडे पावले वळली होती. १८४५ साली तेथे भावी शिक्षकांसाठी नॉर्मल वर्ग काढण्यात आला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. दर्पण या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक, गणित आणि ज्योतिष यांचे पंडित, अनेक भाषांचे जाणकार अशा या पुरुषाला शिक्षक घडविण्याचे काम आपल्या विद्वत्तेहून कमी प्रतीचे वाटले नाही. दुर्दैवाने १८४६ च्या मे महिन्यात त्यांना मृत्यूने गाठले. पण शिक्षकाला आधी शिकविले पाहिजे, हे सूत्र तेव्हापासून मराठी शिक्षणाच्या पायात घातले गेले ते कायमचे.

त्यानंतर वर्गात नवी नवी साधने येत राहिली. काळा फळा आला, भिंतीवर चित्र पाडणारा दिवा आला, चलच्चित्रे आली, नभोवाणी आली. प्रत्येक वेळी शिक्षकाचे दिवस आता भरले असे भाकीत कोणीतरी वर्तविलेच. थॉमस एडिसनसारख्या थोर संशोधकाने १९१३ साली सांगितले होते की चलच्चित्रांमुळे शाळांतील पुस्तके लवकरच निरुपयोगी ठरतील. शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी पुस्तके शाळेत आहेत आणि शिक्षकही आहे.

मद्रासच्या प्रयोगाच्या तोडीचा दुसरा प्रयोग भारतात झाला तो १९७५ साली. भारतीय अवकाश संशोधनाचे प्रणेते डॉ. विक्रम साराभाई यांची अशी धारणा होती की शहरापासून दूर असलेल्या खेड्याला उपग्रहाच्या मार्गाने एकदम शहराच्या पंक्तीला बसविता येईल. त्यांच्या प्रयत्नांनी १९६९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेशी करार झाला. ते स्वतः मात्र १९७१ च्या डिसेंबरात निवर्तले आणि आपल्या स्वप्नाची सिद्धी पाहू शकले नाहीत. ती धुरा पुढे प्रा. यशपाल आणि कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी वाहिली.

एटीएस-६ हा अमेरिकन उपग्रह १९७४ च्या मे महिन्यात सोडण्यात आला, आणि १९७५ साली तो पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर आणून स्थिर करण्यात आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष तो भारताच्या सेवेत होता. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडण्यात आली. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील हैदराबादच्या आसपासचा मुलूख त्यात होता. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या या भागांना अहमदाबादेहून निघालेली चित्रे उपग्रहामार्गे दिसू लागली, ती अर्थात कन्नड आणि तेलुगू भाषांतून. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री, आणि शाळेत किंवा चावडीत ठेवलेला दूरदर्शन संच, एवढी त्या खेड्यातील सामग्री. जेथे वीज नव्हती तेथे काही संच बॅटरीवर चालत.

सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी राखलेला असे. हिंदी, कन्नड, तेलुगू व ओडिया या चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटे मिळत. संध्याकाळी अडीच तास शेती, आरोग्य, मनोरंजन यांचे कार्यक्रम होत आणि अवघे गाव लोटे. ज्या खेड्याने चित्रपटगृहही क्वचितच पाहिलेले, त्या खेड्याच्या नित्य जीवनात दूरदर्शन असे अवचित येऊन बसले. गावचा प्राथमिक शिक्षक यात कोठे होता? तो मुलांच्याच रांगेत उभा राहून त्याच पडद्याकडे त्यांच्याच कुतूहलाने पाहत होता. काल बेल यांच्या शाळेतील शिक्षकाला वाळू परकी होती. आज या शिक्षकाला पडदा परका होता. साडेबावीस मिनिटांत पडद्यावरचा गुरुजी बोलून निघून जाई, आणि मग चाळीस मुले आपल्या गुरुजींकडे तोंड वळवीत. यांनी आता काय करावे?

या प्रयोगाचे मोठेपण असे की हा प्रश्न योजकांनी ओळखला होता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने विज्ञान शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकांसाठी बारा दिवसांचा प्रशिक्षणक्रम आखला आणि तो वर्षभरात दोनदा चालविला. दर खेपेस सुमारे २४ हजार, म्हणजे एकूण सुमारे ४८ हजार शिक्षक आपापल्या भागातील केंद्रांत बसून शिकले. एवढ्या शिक्षकांना एका वेळी एकाच तज्ज्ञाचे दर्शन घडविणे उपग्रहावाचून अशक्यच होते. परंतु केवळ चित्र दाखवून योजक थांबले नाहीत. दूरदर्शनच्या जोडीला नभोवाणी होती, छापील पुस्तिका होत्या, केंद्रावर मार्गदर्शक होता. आणि मुख्य म्हणजे पडद्यावर जे दिसले ते आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी शिक्षकाने स्वतःच्या हातांनी करून पाहावयाचे होते. त्यावर एकमेकांत चर्चा करावयाची होती. पाहणे, करणे आणि बोलणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच साधन शिक्षकाच्या हाती आले.

मुलांच्या बाबतीत मिळालेला अनुभवही असाच बोलका आहे. वर्षाअखेरच्या मूल्यमापनात मुलांची भाषा आणि नवे काही जाणून घेण्याची त्यांची ओढ वाढलेली आढळली. शालेय विषयांतील गुणांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चित्राने कुतूहल जागे केले. जागे झालेले कुतूहल ज्ञानापर्यंत नेण्याचे काम चित्राच्या आवाक्यातले नव्हते. ते वर्गातील माणसाचेच होते.

३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली आणि उपग्रह परत गेला. जेथे जमिनीवरील प्रक्षेपकांची सोय पुढे झाली तेथे संच पुन्हा बोलू लागले. इतर अनेक खेड्यांतले पडदे निमाले. शिक्षकांनी त्या बारा दिवसांत जे आत्मसात केले होते ते मात्र कोणी परत नेऊ शकले नाही. साधनावर केलेला खर्च साधनाबरोबर जातो, आणि शिक्षकावर केलेला खर्च शाळेत राहतो, हा या प्रयोगाचा सर्वात मोठा धडा म्हटला पाहिजे.

हा धडा पुढे वारंवार विसरला गेला. १९८४ साली शाळांत संगणक देण्याची पहिली मोठी योजना आली. २००४ साली एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला. २०१७ साली शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी दीक्षा हा संगणकीय मंच उभा राहिला. प्रत्येक वेळी किती यंत्रे दिली हे मोजणे सोपे होते. किती शिक्षक तयार झाले हे मोजणे अवघड. मग २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे देशभर शाळा बंद झाल्या आणि आयुष्यभर खडूने शिकविलेल्या शिक्षकांपुढे एका आठवड्यात भ्रमणध्वनीवरचा वर्ग येऊन उभा राहिला. ज्या घरात एकच संच आणि तीन भावंडे होती त्या घरात कोणाचा वर्ग चुकवावयाचा, हे आईला ठरवावे लागले. त्या काळात मुलाचा चेहरा न दिसता शिकविणे किती आंधळे असते हे अनेकांना कळून चुकले. नोव्हेंबर २०२२ पासून तर प्रश्न विचारताच निबंध लिहून देणारी आणि पाठटाचणही तयार करणारी संगणकप्रणाली सर्वांच्या हाती आली आहे.

आजच्या भावी शिक्षकाची कसोटी म्हणूनच बेल यांच्या शिक्षकापेक्षा आणि खेड्यातील त्या दूरदर्शन पाहणाऱ्या गुरुजींपेक्षाही अधिक अवघड आहे. त्या दोघांना साधन परके होते आणि आपल्याला ते येत नाही याची त्यांना जाणीव होती. याला साधन अतिपरिचित आहे, आणि म्हणून आपल्याला ते येते असा त्याचा समज होणे साहजिक आहे. बटन दाबले की पाठ तयार होतो. पण त्या पाठात तिसऱ्या बाकावरच्या मुलाला अपूर्णांक का उमगत नाही याचे उत्तर नसते, कारण ते मूल यंत्राने पाहिलेले नसते. लँकेस्टरच्या मॉनिटरला अक्षराचे वळण दिसे, पण मुलाचे मन दिसत नसे. जो शिक्षक तयार पाठ वाचून दाखवितो तो, पदवी कितीही मोठी असो, त्या मॉनिटरच्याच पंक्तीला जाऊन बसतो.

याचा अर्थ यंत्राला दाराबाहेर ठेवावे असा नव्हे. वाळू नाकारणारा शिक्षक चुकला होता, आणि ती हाती घेणारा आठ वर्षांचा फ्रिस्केन बरोबर होता. साधन घ्यावे, परंतु घेण्यापूर्वी ते आपण स्वतः करून पाहावे, त्याने काय साधते आणि काय साधत नाही याचा ताळा घ्यावा, आणि ते बंद पडले तर त्या घटकेला मुलांना काय द्यावयाचे हे आधी ठरवून ठेवावे. अध्यापक विद्यालयांनी यंत्रे कशी चालवावी हे शिकविण्याइतकाच वेळ हे तीन प्रश्न विचारण्यासाठी दिला, तर सराव पाठाच्या दिवशी वीज गेल्याने कोणाचे पाऊल डळमळणार नाही.

अशा वेळी तो तरुण पडद्याकडे पाहत खोळंबून राहणार नाही. तो खडू उचलील, किंवा मुलांना घेऊन अंगणात जाईल आणि वर्तुळ म्हणजे काय हे मातीत बोटाने काढून दाखवील. शेवटच्या बाकावर बसलेले अध्यापक आपल्या वहीत त्याला गुण देतील ते त्या मातीबद्दल नव्हे. मुलांचे डोळे पडद्यावरून निघून पुन्हा आपल्या गुरूकडे वळले, आणि गुरूचे डोळे मुलांकडे होते, याबद्दलचे ते गुण असतील.